झाकली मूठ

आमच्या अंबाजोगाईत कोणाचे फारसे काही लपून राहत नाही. योगेश्वरीच्या देवळाकडे निघालो, तर वाटेत चार जण विचारतात, "काय सर, पाहुणे आलेत म्हणे!" किराणा दुकानदाराला तर आमच्या संसाराचा जमाखर्च तोंडपाठ असतो. उपास कोण करतो, साखर कोणाला वर्ज्य, उधारी कोणत्या महिन्यात वाढते, हे सारे तो न विचारता जाणतो. म्हणूनच समाजमाध्यमांवरच्या जाहिराती आपले मन ओळखतात, अशी कोणी तक्रार केली की पुष्कळ जण हसून म्हणतात, "त्यात नवल ते काय? गावात तरी काय झाकलेले असते?"

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात धाकटी बहीण माहेरी आली होती. छातीत गाठ हाताला लागल्याने ती मनातून घाबरली होती. तपासणी होईपर्यंत आईच्या कानावर काही जाऊ द्यायचे नाही, असे तिने ठरवले. रात्री घरातल्या सामाईक मोबाइलवर तिने त्याविषयी थोडे वाचले. दुसऱ्या दिवशी आई त्याच मोबाइलवर कीर्तन लावून बसली, तो मध्येच कर्करोगाच्या तपासणीची जाहिरात आली. मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळी आईने हळूच विचारले, "कोणाला काय झालंय गं?"

गाठ साधीच निघाली. परंतु ही बातमी आईला केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावी, हे ठरवण्याचा अधिकार बहिणीचा होता. तो एका जाहिरातीने हिरावून घेतला.

मोबाइल कान देऊन आपले बोलणे ऐकतो, असे अनेकांना वाटते. खरे तर त्याला ऐकण्याची गरजच पडत नाही. आपण काय शोधले, कोणत्या चित्रापाशी रेंगाळलो, कोठे गेलो, काय विकत घेतले, एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. आपण एखादे पान उघडतो, तेव्हा त्यावरची जाहिरातीची जागा लिलावात निघते आणि पापणी लवायच्या आत हा लिलाव संपतोही. बैलबाजारात व्यापारी उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतात. बिचाऱ्या बैलाला त्यातले काही कळत नाही. येथे बैल कोण, हे सांगायला नको! २०२३ साली फेसबुकच्या 'मेटा' कंपनीला मिळालेल्या दर शंभर डॉलरांपैकी सुमारे ९८ डॉलर जाहिरातींचे होते.

दुकानदारात आणि या यंत्रणेत फरक आहे तो येथेच. तो माझे जाणतो, तसे मीही त्याचे जाणतो. शिवाय त्याला डोळ्यांची लाज आहे. झाकून न्यायची वस्तू तो कागदात गुंडाळून देतो आणि चारचौघांत तिचा विषय काढत नाही. यंत्राला लाज नाही, आणि त्याच्या घरात डोकावायला आपल्याला खिडकीही नाही.

खासगीपणा ही परकी कल्पना आहे, असे म्हणणारे भेटतात. ज्या भाषेत झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तिला ती परकी कशी असेल? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे, आपली संमती घेताना द्यावयाची सूचना मराठीतही मिळण्याची सोय आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरील मुख्य बंधनांना मात्र अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

कायद्याचे काम कायदा करील. आपणही मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन आवडीनिवडीनुसार जाहिराती दाखवण्याची परवानगी बंद करावी. जाहिराती थांबणार नाहीत, पण त्यांचा नेम थोडा चुकेल. ज्या ॲपला आपला ठावठिकाणा कळण्याचे कारण नाही, त्याला तो कळू देऊ नये.

आणखी एक गोष्ट वाचकांना आग्रहाने सांगावीशी वाटते. घरातल्या लेकीसुनांना स्वतःचा मोबाइल असू द्या, आणि त्यात डोकावू नका. आपल्याच माणसांची मूठ आपण उघडून पाहत राहिलो, तर परक्या कंपनीला बोल कोणत्या तोंडाने लावणार?