गटातली गरोदरपणाची तपासणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा बायका, एक नर्स-सुईण किंवा डॉक्टर आणि दीड-दोन तासांची बैठक. अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग या नर्स-सुईणीने १९९०च्या दशकात ‘सेंटरिंग प्रेग्नन्सी’ या नावाने ही पद्धत सुरू केली. नाकं मुरडणाऱ्यांचे या पद्धतीबद्दल गैरसमज आहेत, तसेच भारावून गेलेल्यांचेही.

‘हा नुसता गर्भसंस्कारासारखा वर्ग आहे, तपासणी वेगळी करावी लागते,’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तपासणी तिथेच होते. खोलीत आल्यावर बाई स्वतः काट्यावर उभी राहून वजन करते, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजते आणि दोन्ही आकडे आपल्या हाताने फाइलीत लिहिते. मग कोपऱ्यातल्या गादीवर आडवी होते. नर्स टेपने पोटाची उंची मोजते, बाळाचे ठोके ऐकवते. त्यानंतर सगळ्याजणी गोलात बसून बोलतात. रक्तदाब १४०/९० झाला तर त्याचा अर्थ काय, हे बाईला स्वतःला कळणं मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. नेहमीच्या तपासणीत तेवढा वेळच मिळत नाही. इथे दहा बैठकांत मिळून वीसेक तास मिळतात.

‘सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात’ ही भीती निराधार आहे. पहिली सविस्तर तपासणी आणि योनीमार्गाची तपासणी स्वतंत्र खोलीतच होते. जोखीम जास्त असेल, तर गटासोबत तज्ज्ञांच्या वेगळ्या भेटीही ठरवता येतात.

भारावलेल्यांचा गैरसमज असा, की गटामुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं हमखास टळतात. याचं मूळ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन आणि अटलांटा इथल्या १,०४७ तरुण गरोदर स्त्रियांपैकी, गटात तपासणी झालेल्यांमध्ये अशी बाळंतपणं ९.८ टक्के होती, एकेकट्या तपासणीत १३.८ टक्के. फरक मोठा होता, पण तो सगळीकडे दिसला नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१५च्या कॉक्रेन आढाव्यात ठाम फरक आढळला नाही. रवांडातल्या ३६ आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचणीतही गरोदरपणाचा सरासरी कालावधी वाढला नाही. त्यामुळे ‘गटात या, दिवस पूर्ण भरतील’ असं आश्वासन कुणीही देऊ नये.

स्तनपानाची बाजू मला जास्त आशादायक वाटते. त्याच २००७च्या चाचणीत गटातल्या ६६.५ टक्के मातांनी अंगावर पाजायला सुरुवात केली, बाकीच्यांत ५४.६ टक्के मातांनी. इथेही पुरावा एकसुरी नाही, कॉक्रेन आढाव्यात हा फरक ठाम ठरला नाही. तरी गटामुळे स्तनपान का वाढू शकतं, हे समजण्यासारखं आहे. दूध पुरत नसल्याची शंका, भेगाळलेली स्तनाग्रं, घरच्यांचा वरच्या दुधाचा आग्रह, हे सगळं आधी कुणी पाजलेलं असेल तर तिच्याकडून ऐकायला मिळतं, आणि चुकीचा सल्ला आला तर दुरुस्त करायला नर्स शेजारीच असते.

मात्र गटाचं काम प्रसूतिगृहाच्या दारापर्यंतच चालतं. पहिल्या तासाभरात बाळ छातीशी द्यायचं आणि चीक पाजू द्यायचा, सिझेरियन झालं असलं तरी शक्य तितक्या लवकर, ही जबाबदारी तिथल्या डॉक्टरांची आणि नर्सची आहे. गटात शिकून आलेल्या आईच्या बाळाला पहिल्याच रात्री विनाकारण पावडरचं दूध पाजलं, तर दहा बैठकांची मेहनत तिथेच वाया जाऊ शकते.