नाइट झाले, पण ‘सर’ नव्हेत

बिल गेट्स यांना ब्रिटनने मानद नाइटहूड जाहीर केले जानेवारी 2004 मध्ये. दोनच महिन्यांनी युरोपीय आयोगाने मक्तेदारीचा गैरवापर केल्याबद्दल त्यांच्या मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच होता. 2 मार्च 2005 रोजी राणी एलिझाबेथ यांनी बकिंगहॅम राजवाड्यात ठरल्याप्रमाणे गेट्स यांना मानचिन्ह दिले. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने किताब, असा हा प्रकार वरवर विसंगत वाटतो. पण मानद नाइटहूड देणारे खाते कोणते आणि ते काय पाहून देते, हे कळले की त्यात नवल उरत नाही.

किताब कोणता?

परदेशी उद्योगपतींना बहुतेक वेळा मिळतो तो के.बी.ई., म्हणजे ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’मधला नाइट कमांडर हा दर्जा. पहिले महायुद्ध चालू असताना, जून 1917 मध्ये, राजे पाचवे जॉर्ज यांनी ही श्रेणी सुरू केली. तिच्या पाच पायऱ्या आहेत: एम.बी.ई., ओ.बी.ई., सी.बी.ई., मग के.बी.ई. आणि सर्वात वर जी.बी.ई. नाइटहूड येते ते फक्त वरच्या दोन पायऱ्यांवर. साम्राज्य केव्हाच मावळले, किताबाच्या नावात मात्र ते अजून शाबूत आहे.

‘सर’ कोणाला म्हणायचे?

राजे चार्ल्स ज्या देशांचे राष्ट्रप्रमुख आहेत, असे ब्रिटन धरून पंधरा देश आहेत. तिथल्या नागरिकाला नाइटहूड मिळाले की नावाआधी ‘सर’ लागते आणि पत्नीला ‘लेडी’ म्हणतात. बाकी साऱ्या जगासाठी हा मान ‘मानद’ असतो. नावामागे के.बी.ई. ही अक्षरे लावता येतात, नावाआधी काही लागत नाही. गुडघा टेकून खांद्यांवर तलवार टेकवून घेण्याचा विधीही परदेशी पाहुण्यांसाठी नाही. भारत राष्ट्रकुलात असला तरी 1950 पासून प्रजासत्ताक आहे, त्यामुळे भारतीयांचा नंबर अमेरिकनांच्याच रांगेत लागतो.

ही रांग ओलांडायची तर नागरिकत्व बदलावे लागते. तेलसम्राट जे. पॉल गेटी यांचे पुत्र पॉल गेटी यांनी ते केले. लंडनच्या नॅशनल गॅलरीला त्यांनी 5 कोटी पौंड दिले, लॉर्ड्सवरचा माउंड स्टँड नव्याने बांधायला हातभार लावला. 1986 मध्ये त्यांना मानद के.बी.ई. मिळाले. 1997 मध्ये हा अमेरिकन क्रिकेटवेडा ब्रिटिश नागरिक झाला आणि तेव्हापासून ‘सर पॉल’ म्हणून ओळखला गेला. मुंबईत जन्मलेले गुलाम नून यांची गोष्ट उलट्या टोकाची. त्यांनी ब्रिटनमध्ये मिठाई आणि तयार भारतीय जेवणाचा मोठा धंदा उभारला. ते ब्रिटिश नागरिक होते, म्हणून 2002 मध्ये थेट ‘सर गुलाम नून’ झाले. नाइटहूड दोघांनाही मिळाले, फरक पासपोर्टचा.

नाव कोण सुचवते?

ब्रिटिश नागरिकांच्या याद्या वर्षातून दोनदा निघतात, नववर्षाला आणि जूनमध्ये राजाच्या अधिकृत वाढदिवसाला. त्यासाठी कुणीही कुणाचेही नाव पाठवू शकते. मानद सन्मानांची वाट वेगळी आहे. ते परराष्ट्रमंत्र्यांच्या शिफारशीवरून दिले जातात, वर्षात केव्हाही जाहीर होतात, आणि मानचिन्ह कित्येकदा राजवाड्याऐवजी त्या त्या देशातला ब्रिटिश राजदूत किंवा उच्चायुक्तच देतो. नाइट कमांडर किती असावेत यावर नियमाने मर्यादा आहे, मानद मंडळी त्या संख्येत धरलीच जात नाहीत.

म्हणजे हा मान राजाच्या नावाने निघतो, पण तो परराष्ट्र खात्याच्या हातातले साधन आहे. तसे साधन म्हणूनच त्याच्याकडे पाहावे, असे माझे मत आहे. धातूचे पदक आणि गुलाबी, करड्या काठाची फीत एवढ्यात काम भागते. करसवलत द्यावी लागत नाही, तिजोरीतून रक्कम जात नाही. परदेशी भांडवलदाराशी जिव्हाळा राखण्याचा याहून स्वस्त मार्ग कुठल्या सरकारला सापडला असेल असे वाटत नाही.

काय पाहून देतात?

थोडक्यात, ब्रिटनशी असलेला व्यवहार पाहून. टाटा समूहाने 2000 मध्ये टेटली चहा, 2007 मध्ये कोरस हा पोलाद उद्योग आणि 2008 मध्ये फोर्डकडून 2.3 अब्ज डॉलरना जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतले. एकेकाळी ज्यांचे राज्य होते त्यांचेच कारखाने मुंबईतल्या बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयातून चालू लागले. रतन टाटा यांना 2009 मध्ये मानद के.बी.ई. मिळाले, आणि पाचच वर्षांनी जी.बी.ई. ही सर्वात वरची पायरी. ब्रिटिश मोटार कामगारांच्या घरची चूल टाटांच्या निर्णयांवर अवलंबून होती, हे ध्यानात घेतले तर ही घाई समजते.

सुनील भारती मित्तल यांचेही तसेच. उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणारी वनवेब ही ब्रिटिश कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा ब्रिटिश सरकार आणि भारती समूह यांनी मिळून, प्रत्येकी 50 कोटी डॉलर घालून, ती उचलली. 2024 मध्ये मित्तल यांना मानद के.बी.ई. जाहीर झाले. राजे चार्ल्स यांच्या कारकिर्दीत हा मान मिळालेले ते पहिले भारतीय नागरिक.

निसान कंपनीचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांना 2006 मध्ये हा मान मिळाला, त्यामागे इंग्लंडच्या ईशान्येला सँडरलंडमध्ये असलेला निसानचा मोटार कारखाना होता. अमेरिकन उद्योगपती मायकल ब्लूमबर्ग यांना 2014 मध्ये मिळाला, त्यांचा व्यवसाय आणि देणग्या लंडनपर्यंत पोचलेल्या आहेत. कपड्यांचे राल्फ लॉरेन 2019 मध्ये मानकरी झाले. गेट्स यांच्या बाबतीत उद्योगाबरोबर गरीब देशांतल्या कामाचाही उल्लेख झाला. दानधर्माची जोड असली की शिफारस शोभून दिसते.

मुंबईची जुनी ओळख

श्रीमंत व्यापाऱ्याला किताब देऊन जवळ करण्याची ही रीत मुंबईला नवी नाही. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून धनाढ्य झालेले आणि आजच्या जे. जे. रुग्णालयासाठी मोठी देणगी देणारे जमशेटजी जीजीभाई 1842 मध्ये ‘सर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे 1857 मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताबही मिळाला. जमशेटजी टाटांचे दोन्ही मुलगे, दोराबजी आणि रतनजी, ‘सर’ होते. ‘सर रतन टाटा ट्रस्ट’ हे नाव 1918 मध्ये वारलेल्या या रतनजींचे आहे, त्याचा आपल्या काळातल्या रतन टाटांच्या सन्मानाशी संबंध नाही. ती माणसे ब्रिटिश प्रजाजन होती, म्हणून त्यांचे ‘सर’ खरेखुरे. किताब नाकारणारेही होतेच: गोपाळ कृष्ण गोखले यांनी अखेरच्या काळात देऊ केलेला नाइटहूडचा मान घेतला नाही.

पैशाने मिळतो का?

एकेकाळी उघड मिळत असे. लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना नाइटहूडचा भाव दहा हजार पौंडांच्या आसपास असल्याचे सांगितले जाई. त्या बदनामीतून 1925 चा कायदा आला आणि किताबांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. किताबांचा दलाल माँडी ग्रेगरी याला 1933 मध्ये याच कायद्याखाली शिक्षा झाली. संशय मात्र संपलेला नाही. तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या धर्मादाय संस्थेच्या प्रमुखाने एका सौदी देणगीदाराचा मानद सी.बी.ई. वाढवून के.बी.ई. करण्यास मदत देऊ केल्याचे पत्र 2021 मध्ये बाहेर आले. त्या प्रमुखाने पद सोडले. लंडन पोलिसांनी चौकशी केली आणि ऑगस्ट 2023 मध्ये पुढे कारवाई न करता ती मिटवली.

काढूनही घेतात

मानद नाइटहूड रद्द होऊ शकते. रुमानियाच्या चाउशेस्कूचे 1989 मध्ये, त्याला गोळ्या घालण्याच्या आदल्या दिवशी काढले. झिंबाब्वेच्या मुगाबेंचे 2008 मध्ये गेले. दोघेही राष्ट्रप्रमुख होते, आणि दोघांच्याही बाबतीत जाग फार उशिरा आली.

भारतीय कायद्यात बसते का?

संविधानाचे 18 वे कलम सांगते की भारताच्या नागरिकाने परकीय राज्याकडून कोणताही किताब स्वीकारू नये. मग टाटा, मित्तल यांचे काय? इथे ‘मानद’ हा शब्द उपयोगी पडतो. नावाआधी काही लागत नसल्याने तो किताब नसून सन्मान आहे, असा युक्तिवाद करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार याच धर्तीवर वैध ठरवले, मात्र ते नावाला जोडू नयेत असे बजावले. आणि परदेशी उद्योगपतींना गोंजारण्यात आपणही मागे नाही: आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनचे तैवानी अध्यक्ष यंग लिऊ यांना भारताने 2024 मध्ये पद्मभूषण दिले.

तेव्हा दिवंगत रतन टाटांबद्दल लिहिताना त्यांच्या नावाआधी ‘सर’ लावू नये, आणि त्याच न्यायाने ‘पद्मविभूषण’ही लावू नये.