टेबलावरचं आकाश

मैत्रिणींनो, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, बाई! आकडेमोड करणाऱ्या बायकांना तसं म्हणत. त्यांतल्या हेन्‍रिएटा लेव्हिटला ऐकू कमी यायचं. मजुरी तासाला ३० सेंट.

दुर्बिणीवर पुरुष, टेबलाशी बायका. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून, अरेकिपाहून काचेवर काढलेले फोटो यायचे. लहान मॅगेलनी मेघाचे आणि त्याच्या मोठ्या भावाचे. लहान मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची, धड आकार नसलेली बटू दीर्घिका; अंतर सुमारे २ लाख प्रकाशवर्षं. एका रात्रीच्या निगेटिव्हवर दुसऱ्या रात्रीची पॉझिटिव्ह ठेवायची आणि कुठला ठिपका लहानमोठा झालाय ते भिंगातून शोधायचं. तांदूळ निवडण्यासारखंच की हे! १९०८ पर्यंत तिने दोन्ही मेघांतले तेज बदलणारे १७७७ तारे वेचले.

निवडता निवडता तिला दिसलं, की जास्त तेजस्वी तारा सावकाश कमीजास्त होतो. आता रात्री लांबच्या डोंगरावरचं गाव आठवा. तिथले सगळे दिवे आपल्यापासून जवळपास सारखेच दूर, म्हणून ठळक दिसणारा दिवा खरोखरच मोठा. मेघातल्या ताऱ्यांचंही तसंच. १९१२ मध्ये लहान मेघातल्या २५ ताऱ्यांवरून तिने नियम मांडला. तेज बदलायला किती दिवस लागतात ते मोजा, ताऱ्याचं खरं तेज कळतं. मग तो किती फिका दिसतो त्यावरून अंतर. याच मापाने पुढे एडविन हबलने देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं दाखवलं.

त्या १९१२ च्या पत्रकावर सही मात्र संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिटने तयार केल्याचं सुरुवातीलाच लिहिलंय, खरं. मला नाही ते पुरेसं वाटत. १९२१ मध्ये ती कॅन्सरने गेली. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी तिचं नाव सुचवायच्या विचाराने तिलाच पत्र धाडलं. ती नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

हा मेघ दक्षिणेला इतका खाली, की आपल्याकडून काही दिसायचा नाही. पण लेक-जावई ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला असतील तर नोव्हेंबरातल्या बिनचांदण्याच्या रात्री त्यांना शहराबाहेर धाडा. मोबाइल स्टँडवर लावून १५-२० सेकंदांचा फोटो घेतला, की कापसाच्या बोळ्यासारखा डाग उमटेल. त्याला अगदी खेटून एक धूसर ठिपका येईल. तो मेघातला नव्हे हं, आपल्याच आकाशगंगेतला तारकागुच्छ आहे. मेघापेक्षा कितीतरी जवळचा.