दोन हात, एक बदाम आणि मुकुट

भारतातून आईबाबा आले की आपण सगळेच त्यांना क्वे स्ट्रीटवर फिरवून आणतो. सराफांच्या काचेत एकच अंगठी पुन्हा पुन्हा दिसते आणि प्रश्न ठरलेला, "हे हातात बदाम धरलेलं काय रे?" शिवाय आपल्या मुलींना वाढदिवसाला मैत्रिणी हीच अंगठी भेट देतात, म्हणून तिच्याविषयी थोडे.

ही क्लाडा अंगठी. दोन हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. क्लाडा हे कॉरिब नदीच्या मुखाशी, जुन्या तटबंदीबाहेर वसलेले कोळ्यांचे गाव. तिथली गवताने शाकारलेली घरे १९३० च्या दशकात पाडली गेली. अंगठीने नाव मात्र राखले.

दंतकथा अशी की, गॉलवेच्या रिचर्ड जॉइसला चाच्यांनी पकडून अल्जीयर्सच्या सोनाराला विकले. तिथे तो कारागिरी शिकला आणि १६८९ नंतर सुटून घरी परतला. कथेचे काहीही असो, १७०० च्या सुमाराच्या जुन्या अंगठ्यांवर त्याची खूण खरोखर सापडते. हातात हात घातलेल्या अंगठ्या तर रोमन काळापासून आहेत. बदाम आणि मुकुट ही पुढची भर. एकोणिसाव्या शतकात देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांबरोबर ती अमेरिकेत पोचली. आईची अंगठी मुलीकडे जाते, आपल्याकडच्या पाटल्यांसारखी.

खरी गंमत घालण्यात आहे. उजव्या हातात, बदामाचे टोक बोटाच्या टोकाकडे असेल तर मन मोकळे. तेच मनगटाकडे वळले की मन गुंतलेले. डाव्या हातात टोक बाहेर असेल तर साखरपुडा झालेला, आत असेल तर लग्न. हात कुठला आणि दिशा कुठली, दोन बिट्समध्ये चार स्थिती! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार आवडले.

पण हे मुलांना सांगायला जावे तर ती उलट विचारतात, "मग आईच्या मंगळसूत्राचं काय?" तेव्हा "सौभाग्याचं लेणं" एवढ्यावर भागत नाही. दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची असे आपल्याकडे मानतात हे सांगावे. काही घरांत नववधूच्या वाट्या आधी उलट्या असतात आणि ठरलेल्या दिवशी त्या सुलट्या करतात, हेही सांगावे. क्लाडा अंगठी फिरवणे ज्या मुलांना कळते, त्यांना हे चटकन कळते. आणि "बाबा काय घालतात?" असे पुढे विचारले, तर आम्हाला वाटते, सरळ सांगावे की आपल्या प्रथेत लग्नाची खूण बाईच्याच अंगावर राहिली. क्लाडा अंगठी दोघेही घालतात.

शाळेतल्या मुलीला अंगठी मिळाली तर उजवा हात, टोक बाहेर. आजीसाठी घेत असाल तर बोटाचे माप आधी मागवून घ्या.