समाधीचा खर्च कुठून करायचा?

लिंगायत, ख्रिस्ती, मुसलमान अशा अनेक घरांत मयताचं दफन होतं. मग भाऊबंद म्हणतात, "चांगला दगड बसवा, चौथरा बांधा." पैसे मात्र बाईच्या हातातले जातात.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यात मयताच्या पैशातून काय आधी द्यायचं ते ठरलेलं आहे. पहिला खर्च अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा. मग कोर्टाच्या कागदपत्रांचा. मग मजूर, घरगडी यांची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी. मग बाकीचं कर्ज. उरेल ते वारसांचं.

अंत्यविधीचा खर्चही ऐपतीप्रमाणे, वाजवीच धरला जातो. म्हणून मोठी समाधी बांधायची घाई नको. आधी कर्ज फेडा, वाटे ठरवा, मग सगळ्या वारसांनी मिळून वर्गणी काढा. विधवा स्वतः वारस आहे. तिचा वाटा दगडात घालायचा की पोरांच्या शिक्षणाला ठेवायचा, हे तिनंच ठरवावं.

पुढच्या देखभालीसाठी कुणी जमीनच कायमची लावून देतात. नवऱ्याच्या समाधीच्या पूजेसाठी एका हिंदू विधवेनं अशी मिळकत लावून दिली होती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. तेव्हा जमीन अडकवू नका. साफसफाईला दरवर्षी कोण किती देणार ते कागदावर लिहा, सह्या घ्या, पावत्या जपून ठेवा.