उसाच्या राज्यातला जनरल
हुकूमशहांच्या कादंबऱ्या : लेखांक ५

कारखान्याचं राजकारण बारामती-इंदापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचं छत्रपती, निवडणूक कुठलीही लागो, सभासदांच्या यादीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं चव्हाट्यावर येतं. वार्षिक सभेत माईकची ओढाओढ होते, अहवालाची पानं फडकतात. लोक नाकं मुरडतात, पण दरवर्षी जातातही. मला स्वतःला तो गोंधळ आवडतो. कारण देशातल्या १६ पैकी १२ साखर कारखाने एकाच घराण्याच्या मुठीत, घराण्याचा प्रमुख देशाचा सरसेनापती आणि सभा नावालाही नाही, अशी स्थिती एका देशाने खरोखर भोगली आहे.

तो देश म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं डोमिनिकन रिपब्लिक. राफाएल त्रुहियो तरुणपणी उसाच्या मळ्यावर रखवालदार होता. १९१६ ते १९२४ अमेरिकी फौजांनी देश ताब्यात ठेवला, त्यांनीच उभारलेल्या सुरक्षादलात तो भराभर वर चढला आणि १९३०मध्ये सत्तेवर बसला तो १९६१पर्यंत. राजधानीलाही त्याने स्वतःचं नाव दिलं. याच माणसावर मारिओ वार्गास योसा यांनी २००० साली 'ला फिएस्ता देल चिवो' ही कादंबरी लिहिली. इंग्रजीत ती 'द फीस्ट ऑफ द गोट' म्हणून मिळते. योसा पेरूचे. २०१०चं नोबेल त्यांना मिळालं, गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५मध्ये, ते गेले.

साखरेच्या या राज्यात ऊस तोडायला शेजारच्या हैतीतून मजूर येत. आपल्याकडे बीड-नगरच्या टोळ्या उचल घेऊन येतात, तसे तेही पोटासाठीच आलेले. ऑक्टोबर १९३७मध्ये त्रुहियोच्या सैन्याने सीमाभागातले हजारो हैतियन कापून काढले. अमेरिकी कंपन्यांच्या मळ्यांवरचे मजूर मात्र बहुतांशी वाचले; मालकाचा वचक मोठा होता. पुढे हैतीला साडेसात लाख डॉलर भरपाई ठरली, तीही घासाघीस करून सव्वापाच लाखांवर आणली गेली. कादंबरीत जेवणाच्या टेबलावर दरबारी मंडळी या मेलेल्यांचे आकडे आठवत बसतात, तो प्रसंग वाचताना घास अडकतो.

तरीही छळकोठड्यांपेक्षा मला या पुस्तकातली एक अगदी साधी गोष्ट जास्त भयंकर वाटली. सिनेटर काब्राल हा त्रुहियोचा जुना, हुशार माणूस. एके दिवशी वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांच्या सदरात त्याच्यावर चिखलफेक होते आणि त्याला कळतं की आपली मर्जी गेली. कारण कोणी सांगत नाही. बँकेतलं खातं गोठतं, मित्र ओळख दाखवेनासे होतात. आपलं काय चुकलं, हे तो स्वतःलाच विचारत राहतो. आपल्या साहेबाचं काही चुकलं असेल, ही शंका त्याला शिवतही नाही. शेवटी मर्जी परत मिळवायला तो आपली चौदा वर्षांची मुलगी उरानिया पुढे करतो. ही उरानिया पस्तीस वर्षांनी, १९९६मध्ये, न्यूयॉर्कहून परत येते. बाप पक्षाघाताने वाचा गेलेला, खुर्चीत. ती बोलते, तो ऐकतो. काही समजतंय की नाही, कोण जाणे.

दुसरा असा माणूस जनरल रोमान. कटात सामील, लष्कराचा प्रमुख. ३० मे १९६१च्या रात्री त्रुहियोला रस्त्यात गाडी अडवून गोळ्या घातल्या जातात. आता रोमानने फक्त हुकूम द्यायचा आणि सत्ता हातात घ्यायची. त्याच्याकडून होत नाही. करायचं एक ठरवतो, पाय दुसरीकडेच वळतात. धनी मेला तरी याचा कणा ताठ होत नाही. योसांनी हे प्रकरण असं लिहिलंय की रोमानची कीवही येते आणि संतापही. सत्ता अलगद जाते बालागेरकडे. तो नामधारी राष्ट्राध्यक्ष, कवी, मृदुभाषी. देव आणि त्रुहियो यांच्यामुळेच देश तरला, असं अकादमीत भाषण करणारा. आता कवीला आश्रयदाता लागतोच. मोरोपंतांना बारामतीत बाबूजी नाइकांचा आश्रय होता. पण पंतांची लेखणी झिजली ती रामायण-महाभारतावर.

आपल्या आणीबाणीशी याची तुलना फार ताणू नये. जून १९७५ ते मार्च १९७७ लष्कर बराकीतच होतं आणि शेवटी निवडणूक झाली. पण साहेबाच्या मनात काय असेल ते ओळखून आधीच मान तुकवणं आपल्याकडेही दिसलं. म्हणूनच डिसेंबर १९७५मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाशांसाठी मंडपाला प्रार्थना करायला लावली, ते लोक अजून सांगतात.

कादंबरी वाचायला घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ईडिथ ग्रॉसमन यांचा इंग्रजी अनुवाद सरळ आहे, पण प्रकरणं २४ आणि कथानकं तीन : उरानियाचं, त्रुहियोच्या शेवटच्या दिवसाचं आणि रस्त्यावर गाडीत दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांचं. सुरुवातीला स्पॅनिश नावांनी डोकं फिरतं. एका कागदावर नावं लिहून जवळ ठेवा, चौथ्या-पाचव्या प्रकरणानंतर त्याची गरज लागणार नाही. पुढच्या आठवड्यात पॅराग्वे आणि रोआ बास्तोस.