विश्लेषण : टिनटिन अमेरिकेत ‘मुक्त’, मग मराठीत कधी?

अमेरिकेत टिनटिनवरचा कॉपीराइट १ जानेवारी २०२५ रोजी संपला. म्हणजे आता कोणीही तो मराठीत छापू शकतो? नाही.

नेमके काय मुक्त झाले?

बेल्जियन चित्रकार एर्जे यांचा हा तरुण बातमीदार १० जानेवारी १९२९ रोजी एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत अवतरला. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनाला ९५ वर्षांचे संरक्षण आहे. त्यामुळे मोकळ्या झाल्या त्या केवळ १९२९च्या कृष्णधवल चित्रपट्ट्या. हाती लागले टिनटिन आणि त्याचा कुत्रा. कॅप्टन हॅडॉक १९४१चा, प्रोफेसर कॅल्क्युलस १९४३चा. हॅडॉकच्या शिव्यांशिवाय टिनटिन म्हणजे मिठाशिवाय पिठले!

भारतात काय?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात आणि ती पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. एर्जे १९८३मध्ये गेले. म्हणजे भारतात टिनटिन १ जानेवारी २०४४ला मुक्त होईल. आज पहिलीत असलेले मूल तोवर पंचविशीच्या घरात असेल. तेव्हाही इंग्रजी पुस्तकावरून मराठी करणे धोक्याचेच, कारण त्या भाषांतराचा हक्क वेगळा. ‘स्नोई’ हे नावही इंग्रजी भाषांतरकारांचे. मूळ फ्रेंचमध्ये तो ‘मिलू’.

मग मुलांनी काय करायचे?

आम्ही केले तेच, इंग्रजीत वाचायचे. शेलूला आमच्या घरी टिनटिन यायचा तो वडिलांच्या डब्याच्या पिशवीतून, फोर्टच्या फुटपाथवरून कर्जत लोकलने. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे. पण सारख्या जाडीची स्वच्छ रेघ, सावल्या जवळपास नाहीतच. चित्र बघताच गोष्ट कळायची. ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये हॅडॉक दिल्लीच्या गल्लीत आडव्या बसलेल्या गाईला ओलांडायला जातो आणि गाय त्याला पाठीवर घेऊनच उधळते. त्या पानाला इंग्रजी कशाला लागते?

शिव्यांना मात्र लागते. एर्जे यांनी त्याच्या तोंडी अर्वाच्य शब्द न घालता प्राणिशास्त्र, व्याकरण, इतिहास यांतले भारदस्त शब्द घातले. ते आम्हाला शिव्या म्हणून कळलेच नाहीत.

परवानगी घेऊन भाषांतर आजही शक्य आहे. बंगालीत मिलूचा ‘कुट्टुस’ झाला, २०१०मध्ये हिंदीत ‘नटखट’. हिंदीत तर कॅल्क्युलसचे नाव प्रोफेसर आर्यभट्ट आहे. मराठीत कुत्र्याचे नाव ‘मोत्या’ ठेवायला हरकत नसावी. हॅडॉकसाठी शब्द शोधायला मात्र कोकणात आठवडाभर मुक्काम करावा लागेल.